मोसंबी कुठल्या गावची?

जालना जिल्ह्यात बदनापूर, अंबड, घनसावंगीकडं गेलात, किंवा पैठण तालुक्यात पाचोडच्या बाजूला उतरलात, तर एखाद्या मोसंबीच्या बागेत शिरा आणि झाडाच्या बुडाशी वाकून बघा. जमिनीपासून वीतभर वर खोडावर एक गाठीसारखी जागा दिसेल. तिथं डोळा भरलेला असतो, म्हणजे एका झाडाच्या खोडावर दुसऱ्याची कळी बसवून कलम केलेलं असतं. त्या गाठीच्या खालचं झाड वेगळं आणि वरचं वेगळं. खालचा खुंट बहुतेक वेळा रंगपूर लाईमचा, नाहीतर जंबेरीचा; दोन्ही लिंबाच्याच जाती. वर मोसंबी.

रंगपूर आज बांगलादेशात आहे. मोसंबी हे नाव आलंय मोझांबिकवरून, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून. आणि जंबेरी म्हणजे संस्कृतातलं 'जंबीर'. जालन्याच्या काळ्या रानात उभं असलेलं एकच झाड, मुळं बंगालच्या नावाची आणि फळं आफ्रिकेच्या नावाची. शेतकऱ्याला त्याचं काही नसतं. त्याला ताण (बहारासाठी झाडाचं बंद केलेलं पाणी) कधी तोडायचा, फळगळ कशी थांबवायची आणि टनाला काय भाव निघणार याची काळजी. पण ही नावं एकदा नीट उलगडून बघितली तर फळं जगभर कशी फिरली, कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, याचा हिशोब त्यांत सापडतो. तो हिशोब थोडा फसवाही आहे. कसा, ते पुढं.

आधी मोझांबिक. आज तो आग्नेय आफ्रिकेतला मोठा देश आहे, 1975 साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झालेला. पण नाव मूळचं देशाचं नाही, एका चिमुकल्या बेटाचं. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी अर्धा किलोमीटर. 1498 च्या मार्चमध्ये वास्को द गामाची जहाजं तिथं लागली, तेव्हा ते अरब व्यापाऱ्यांचं बंदर होतं. तिथल्या शेखाचं नाव मुसा बिन बिक का असंच काहीतरी होतं, आणि त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला 'मोसांबिक' म्हटलं असं मानतात. त्याच वर्षी मे महिन्यात गामा कालिकतला पोचला. पुढं पोर्तुगिजांनी ते बेट ताब्यात घेतलं, किल्ला बांधला, आणि लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांचा तो ठरलेला थांबा झाला. जहाजं वसंतात लिस्बन सोडायची, आफ्रिकेला वळसा घालून पावसाळ्याच्या सुमाराला या बेटावर यायची, पाणी भरायची, आजारी खलाशी उतरवायची, आणि नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन गोवा गाठायची. उशीर झाला तर पुढच्या वाऱ्यापर्यंत तिथंच मुक्काम.

म्हणजे मुसा नावाच्या माणसाचं बेटाला, बेटाचं देशाला आणि बंदराचं फळाला, अशी ही नावाची साखळी. जालन्याच्या मोसंबीला आता भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे कायद्याच्या कागदावर ती जालन्याची. नावात मात्र अजून मुसा शेख बसलेला आहे.

आता फसवेपणाकडं येऊ. मोसंबी मोझांबिकची आहे का? नाही. त्या बेटावर हे फळ जन्मलं नाही. किंबहुना आफ्रिकेतच नाही. लिंबूवर्गातली जवळजवळ सगळी ओळखीची फळं आशियातली. 2018 साली संत्री, लिंबं, पपनस अशा अनेक जातींच्या जनुकांचा मोठा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यात या कुळाचं मूळ ठिकाण हिमालयाच्या आग्नेय पायथ्याला दाखवलंय: आसामचा पूर्वभाग, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत. तिथून ही झाडं सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरायला लागली. आज आपण खातो त्यातली बहुतेक फळं तीन मूळ जातींच्या संकरातून आलीत. एक महाळुंग, जाड सालीचं, रस कमी असलेलं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. दुसरं पपनस. तिसरा संत्र्याचा मूळ वंश, सैल सालीचा. मोसंबी ज्या गोड नारिंगाच्या गटात येते, तो पपनस आणि संत्रा यांच्या पुन्हा पुन्हा झालेल्या संकरातून आला. साल संत्र्यासारखी हाताने का सुटत नाही आणि फळ गरगरीत का, याचा थोडाफार उलगडा पपनसाकडं बघून होतो.

तर फळाचं घर इकडं, पूर्वेला. आणि नाव आलं पश्चिमेकडून, समुद्रावरून. असं का होतं? कारण फळाला नाव ठेवणारा माणूस त्याची वंशावळ बघत नाही. त्याच्या दारात ते कोण घेऊन आलं, कुठून आलो म्हणाला, एवढंच तो बघतो. फळाला नाव लागतं शेवटच्या मुक्कामाचं. ही गोष्ट लक्षात ठेवली की जगातली निम्मी फळनावं सुटतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'नारिंग'. या शब्दाचा प्रवास कोणत्याही मसाल्याच्या जहाजापेक्षा लांब आहे, म्हणून इथं जरा थांबू या.

संस्कृतात 'नारंग' आहे, 'नागरंग' आहे; अमरकोशात नागरंग सापडतो. 'नागरंग' बघून कुणी त्यात नाग शोधतं, कुणी रंग शोधतं. पण शब्द बहुधा दक्षिणेचा. तमिळमध्ये 'नारु' म्हणजे वास येणं, आणि तिथं 'नार्त्तंगाय' नावाचं लिंबूवर्गीय फळ आहे. मल्याळममध्ये 'नारंगा' हा तर रोजचा शब्द. सुवासिक फळ, एवढा साधा अर्थ. संस्कृतनं तो उचलला आणि आपल्या पद्धतीनं त्याला व्युत्पत्ती जोडून दिली. हे संस्कृतनं बऱ्याच दक्षिणी शब्दांचं केलंय, त्यात विशेष काही नाही.

संस्कृतातून फारसीत 'नारंग', फारसीतून अरबीत 'नारंज'. अरबांनी हे झाड सिसिली आणि स्पेनपर्यंत नेलं. स्पॅनिशमध्ये झालं 'नारान्हा'. पोर्तुगीजमध्ये न चा ल झाला, 'लारांजा'. इटालियनमध्ये 'अरांचा', फ्रेंचमध्ये 'ओरांज' आणि तिथून इंग्रजीत 'ऑरेंज'.

पहिला न कुठं गेला? एक लोकप्रिय गोष्ट अशी सांगतात की इंग्रजांनी 'अ नॉरेंज' म्हणता म्हणता 'अॅन ऑरेंज' केलं. ऐकायला छान आहे, पण खरी नाही. न इंग्रजीत पोचायच्या आधीच गळला होता. इटालियनमध्ये 'उना नारांचा' (एक नारिंग) म्हणताना दोन न शेजारी आले, एक आधीच्या शब्दानं खाल्ला. फ्रेंचमध्ये त्यात 'ओर' म्हणजे सोनं मिसळलं, फळ सोन्यासारखं दिसतं म्हणून. इंग्रजांच्या हाती शब्द आला तो आधीच बोडका होऊन. गंमत म्हणजे रंगाचं नाव फळावरून पडलं, फळाचं रंगावरून नाही. फळ येण्याआधी इंग्रजीत या रंगाला स्वतःचा सुटसुटीत शब्द नव्हता, 'पिवळा-तांबडा' असा जोडशब्द करून भागवायचे. आपलंही तसंच. नारिंगी म्हणतो तो नारिंगावरून, आणि केशरी म्हणतो तो केशरावरून. दोन्ही झाडाकडून उसने. (हॉलंडच्या राजघराण्याचं 'ऑरेंज' मात्र वेगळं. ते फ्रान्समधल्या एका जुन्या गावाचं नाव, फळाशी मुळात संबंध नाही. नाव सारखं झालं म्हणून त्यांनी रंग उचलला.)

इथवरच्या प्रवासात एक गोष्ट दडलेली आहे. अरबांनी युरोपात नेलं ते नारिंग आंबट होतं, कडवट. मुरंब्याचं, अत्तराचं. गोड नारिंग युरोपात ठळकपणे आलं ते पुढं पाचशे वर्षांनी, पोर्तुगिजांचे समुद्रमार्ग सुरू झाल्यावर. आता भाषांपुढं प्रश्न पडला. जुनं नाव आंबट फळानं आधीच घेतलेलं. नव्या गोड फळाला काय म्हणायचं? त्यांनी तेच केलं जे आपण मोसंबीच्या बाबतीत केलं. कोण घेऊन आलं? पोर्तुगीज. मग नाव 'पोर्तुगाल'.

अरबीत गोड नारिंगाला 'बुर्तुकाल' म्हणतात. आपल्याकडची जी पोरं आखाती देशांत कामाला गेलीत, त्यांनी तिथल्या रसाच्या डब्यावर हा शब्द वाचला असेल. फारसीत 'पोर्तेघाल', तुर्कीत 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली', रोमानियनमध्ये 'पोर्तोकाला'. फारसीत आजही 'नारेंज' म्हणजे आंबट आणि 'पोर्तेघाल' म्हणजे गोड. ग्रीकमध्येही तसंच: 'नेरांत्झी' आंबट, 'पोर्तोकाली' गोड. भारतातून गेलेला शब्द आंबटाला चिकटून राहिला आणि गोडाला दुसऱ्याच देशाचं नाव मिळालं.

आणि खुद्द पोर्तुगालमध्ये? तिथं 'लारांजा'च. आपल्या गावात कुणी फळाला आपल्या गावाचं नाव देत नाही. मोझांबिकमध्येही पोर्तुगीज चालते, तिथंही 'लारांजा'. त्या बेटावर उतरून 'मोसंबी द्या' म्हटलं तर दुकानदार तुमच्या तोंडाकडं बघत राहील.

उत्तर युरोपात तिसरंच. डच 'सिनासआपल' म्हणतात, जर्मन लोक 'आपफेलझीने'. दोन्हींचा अर्थ चीनचं सफरचंद. शास्त्रीय नावातही चीनच आहे: वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं 1753 साली या फळाला 'सिनेन्सिस' म्हणजे चिनी हे विशेषण लावलं आणि त्याचा शिष्य ऑस्बेक यानं 1765 मध्ये 'सिट्रस सिनेन्सिस' ही स्वतंत्र जात केली. एकाच फळाला कुणी पोर्तुगाल म्हणतं, कुणी चीन, कुणी मोझांबिक. पंजाबकडं 'माल्टा' म्हणतात, भूमध्य समुद्रातल्या बेटावरून. कुणाचंच खोटं नाही, प्रत्येकजण आपापल्या दारात आलेल्या माणसाचं गाव सांगतोय.

पपनसाचंही तसंच. मराठी 'पपनस' या शब्दाचं नातं डचांच्या 'पोंपेलमूस'शी लागतं. बंगालीत या फळाला 'बाताबी लेबू' म्हणतात, म्हणजे बटावियाचं लिंबू. बटाविया म्हणजे आजचं जकार्ता, डचांची आशियातली राजधानी. ज्या फळाचं मूळ घर आसामच्या पलीकडं, त्याला शेजारच्या बंगालनं जावातल्या शहराचं नाव दिलं! घर शेजारी असूनही फळ फिरून समुद्रावरून आलं की नाव समुद्राचं लागतं.

आता हे वाचून हैदराबादकडची मंडळी म्हणतील, आमच्याकडं मोसंबीला 'बत्तायी' म्हणतात, त्याचं काय? तेलुगूत तोच शब्द आहे, आणि फळबागेच्या पुस्तकांत गोड नारिंगाच्या भारतीय जातींत सातगुडी, मोसंबी यांच्या जोडीला 'बटावियन' ही जात येते. बत्तायीत मला तरी बटावियाच ऐकू येतो. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं तेलुगू आणि दखनी शब्दांची आपल्याकडं उठबस राहिली. पण मोसंबीच्या बाबतीत मराठवाड्यानं हैदराबादची बत्तायी घेतली नाही, पश्चिम किनाऱ्याकडून वर आलेली मोसंबी ठेवली.

जांबाच्या बाबतीत मात्र उलटं झालं. पुण्या-मुंबईकडं ज्याला पेरू म्हणतात, त्याला आमच्याकडची जुनी माणसं जांब म्हणतात. तेलुगूत 'जामा', हैदराबादी दखनीत 'जाम'. मूळ संस्कृत 'जंबू', म्हणजे जांभूळ. नव्या फळाला जुन्या फळाचं नाव. पेरू तरी काय? त्याचा पेरू देशाशी संबंध जोडतात, पण तो पोर्तुगीज 'पेरा'कडून आलेला दिसतो, आणि पेरा म्हणजे नाशपती. हिंदीतलं 'अमरूद' फारसी, तिथंही अर्थ नाशपतीच. झाड दक्षिण अमेरिकेकडचं. त्याला पुण्यानं पोर्तुगीज नाशपती म्हटलं, दिल्लीनं फारसी नाशपती आणि आम्ही जांभूळ. नवं फळ बघितलं की माणसाला आधी जुनं आठवतं. ही नाव ठेवायची दुसरी रीत.

संत्र्याबद्दल एक जुना वाद आहे. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की 'संत्रा' हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा या गावावरून आला. वरची सगळी उदाहरणं वाचल्यावर ते पटकन खरंही वाटतं. पण इथं जरा थांबायला हवं. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची यादी दिलीय, त्यात नारंज आहे, लिमू आहे, तुरंज म्हणजे महाळुंग आहे आणि 'संगतरा'ही आहे. बाबर वारला 1530 साली. पोर्तुगीज गोव्यात आले 1510 मध्ये. वीस वर्षांत सिंत्रा गावचं नाव गोव्याहून आग्र्यापर्यंत जाऊन तिथल्या फळाला चिकटलं असेल, हे मला पटत नाही. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही. व्युत्पत्तीच्या धंद्यात निम्मे घोटाळे इथंच होतात.

नागपूरकर चिडणार नसतील तर आणखी एक. नागपूरचा संत्रा भोसल्यांच्या काळात तिकडं औरंगाबादहून नेला, असं तिकडंच सांगतात. तेवढं धरून बसायला मराठवाड्याला हरकत नाही. आणि संत्र्याला इंग्रजीत 'मँडरिन' म्हणतात, चिनी दरबारातल्या अधिकाऱ्यांसाठी पोर्तुगीज जो शब्द वापरायचे, तोच हा. पोर्तुगिजांनी तो मलय भाषेतल्या 'मंतेरी'वरून घेतला. आणि मलयनं तो घेतला संस्कृत 'मंत्री'वरून. संत्र्याला जग मंत्री म्हणतं आणि आपल्याला पत्ता नाही.

लिंबाचं थोडक्यात. मलय भाषेत सगळ्याच लिंबूवर्गाला 'लिमाऊ' म्हणतात. आपलं निंबू-लिंबू त्याचंच नातेवाईक असावं. फारसीत 'लीमू', अरबीत 'लैमून', आणि तिथून इंग्रजीचे 'लेमन' आणि 'लाईम' हे दोन्ही. इंग्रजीनं एका शब्दाचे दोन करून आपल्या डोक्याला ताप दिला, कारण त्या दोन फळांना मराठीत आपण सरळ लिंबू म्हणतो.

याच तापातून मोसंबीच्या इंग्रजी नावाचा गोंधळ झालाय. हॉटेलच्या मेनूवर, रसाच्या खोक्यांवर मोसंबीला 'स्वीट लाईम' लिहितात. फळबाग शास्त्राच्या हिशोबानं ते चूक. मोसंबी हे गोड नारिंग, म्हणजे 'स्वीट ऑरेंज'. जालन्याच्या मानांकनातही तसंच आहे. 'स्वीट लाईम' म्हणजे साखरलिंबू, ते झाड निराळं, फळ निराळं. गोंधळाचं कारण साधं: इंग्रजाच्या डोक्यात ऑरेंज म्हटलं की नारिंगी रंग. आपली मोसंबी पिकली तरी हिरवट-पिवळी राहते. सालीचा हिरवा रंग उतरून नारिंगी चढायला रात्री चांगली थंडी लागते. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुललेलं, फळ दिवाळीच्या आसपास उतरतं, तेव्हा मराठवाड्यात तेवढी थंडी कुठली. मग हिरवं आणि गोड दिसलं की झालं 'स्वीट लाईम'. इंटरनेटवर तर तिला वेगळंच शास्त्रीय नाव लावून मोकळे झालेत.

राहिलं दिल्लीतलं नाव. जालन्याहून मालमोटारी भरून माल उत्तरेला जातो आणि तिकडं रसाच्या गाड्यावर पाटी असते 'मौसमी का जूस'. मोझांबिक कुणाला माहीत नाही, मौसम सगळ्यांना माहीत, म्हणून परक्या शब्दाला घरचा कपडा घातला. ही चूकच. पण 'मौसम' हा शब्द अरबी 'मौसिम'. अरब खलाशी तो जहाजं सोडायच्या ठरल्या काळासाठी वापरायचे. पोर्तुगिजांनी त्याचा 'मोंसाव' केला, त्यावरून इंग्रजीत 'मान्सून' झाला, आणि तोच आपण हवामानाच्या बातम्यांत ऐकतो. लिस्बनहून आलेली जहाजं मोझांबिकच्या बेटावर थांबून वाट बघायची ती या मौसिमचीच. त्यामुळं दिल्लीचा रसवाला शब्दात चुकला असला तरी बंदरापासून फार लांब गेलेला नाही.